झाकली मूठ, उघडा दांडा

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्यानं कुणी पाडली त्याच्याकडे वीस वर्षांची मोटार नव्हती हे उघड आहे. वीस वर्षांच्या मोटारीत मूठच काय, चारी चाकं, इंजिन, मागच्या काचेवरचा ‘आईचा आशीर्वाद’ आणि डिकीतला जॅक धरूनही सव्वा लाखाचा हिशेब जमत नाही. त्यातून गिअरच्या दांड्यावरची मूठ फुटली, तिची सालपटं निघाली किंवा गिअरचा नकाशा छापलेलं वरचं टोपण कुठंतरी पडून गेलं, की झाकलेलं काही उरतच नाही. नुसता लोखंडी दांडा, आणि त्याच्या टोकाचे आटे तळहाताला बोचणारे. अशा गाडीचा मालक शिरूरला किंवा दौंडला एखाद्या रविवारी सकाळी दार सताड उघडं टाकून, एक पाय बाहेर ठेवून त्या दांड्याशी झटापट करताना दिसला, की येणारे-जाणारे थांबतात. टायर गुळगुळीत झालेत, सायलेन्सर तारेनं बांधलाय आणि हा मूठ बदलतोय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. हा लेख त्या भावाविरुद्ध आहे. टायरांपुरतं त्यांचं म्हणणं मी आत्ताच मान्य करून टाकतो. गुळगुळीत टायर आधी बदलावेत, त्यात विनोद नाही. पण टायर, ब्रेक आणि दिवे धड असतील तर जुन्या गाडीवर करता येण्यासारखी सगळ्यांत शहाणी दुरुस्ती म्हणजे मूठ बदलणं, असं माझं मत आहे. ते पटायला मोटारीपेक्षा माणसाच्या तळहाताचा विचार जास्त करावा लागतो.

आधी मोजदाद करू. शिरूरहून दौंडला न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस असं जायचं म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता. पारगावजवळ भीमा ओलांडायची, बाकी दोन्ही अंगांना ऊस. गाळपाचा हंगाम असला की पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्याच्या पुढं बैलगाडी, आणि त्या दोघांना ओलांडू की नको या विचारात आडवा झालेला तिसराच टेम्पो. गाव आलं की गतिरोधक, शाळा आली की गतिरोधक, देऊळ आलं की गतिरोधक. आणि जिथं यांपैकी काहीच नसून गतिरोधक आहे, तिथं समोरच्या बंगल्यातलं कुणीतरी एकदा तरी निवडून आलेलं आहे असं खुशाल समजावं. अशा वाटेवर नुसते ४० अडथळे धरा. दर अडथळ्याला तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला आणि परत तसंच वर, असे चार बदल धरा. एका खेपेला १६० वेळा हात मुठीवर जातो, जाऊन-येऊन ३२०. तेवढ्याच प्रवासात दाराच्या कडीला हात लागतो चार वेळा, काच खाली करायच्या हँडलला फार तर सहा वेळा, आणि बॉनेटला, देवाची कृपा असेल तर, एकदाही नाही. ज्या रंगावर मालक हजारो रुपये घालवतो तो रंग आत बसल्यावर त्याला दिसतसुद्धा नाही. तो शेजाऱ्यांसाठी असतो. दिवे समोरच्यासाठी, हॉर्न अख्ख्या तालुक्यासाठी, आणि मागच्या सीटचं कव्हर सासुरवाडीसाठी. स्टिअरिंग आणि गिअरची मूठ एवढ्या दोनच वस्तू खऱ्या अर्थानं मालकाच्या. त्यातलं स्टिअरिंग घरी बसून बदलायची गोष्ट नव्हे. राहिली मूठ.

हातात काय धरायचं याची आपल्याकडची जाण मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. पेरणीला चाड्यावर मूठ कुणी धरायची हे घरात बोलून ठरतं, कारण एकाचा हात सढळ असतो आणि दुसऱ्याचा चिक्कू. खुरप्याची, विळ्याची मूठ ढिली झाली तर खुरपं टाकून देत नाहीत. मूठ बदलतात आणि तीही आपल्या हाताच्या मापाची घालून घेतात. शेजारणीचं खुरपं मागून आणलं की तासाभरात तळहाताला फोड येतो, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला मोटारीच्या मुठीचं महत्त्व कंपनीच्या माहितीपत्रकातून शिकायची गरज नाही. बैलगाडीला गिअर नव्हता, पण शेपूट होतं, आणि गडी वेग बदलायला तेच पिरगाळायचा. आता ते चालत नाही आणि चालूही नये. पुढं जीप आली. जुन्या महिंद्राच्या चारचाकी ओढीच्या जीपमध्ये एक मोठा दांडा आणि त्याच्या शेजारी दोन आखूड, अशा तीन मुठी एका ओळीत उभ्या असत, भातुकलीतल्या बाहुल्यांसारख्या. तीच जात पुढं वडापला लागल्यावर पुढच्या बाजूला चालकाशिवाय चौघं बसू लागले आणि गिअरचा दांडा कुणाच्या तरी दोन गुडघ्यांच्या मधे आला. अनोळखी प्रवाशाला ‘पाव्हणं, जरा पाय’ म्हणत दुसरा गिअर टाकणारे हात या दोन्ही तालुक्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेत. त्या दांड्यावर मूठ शाबूत असणं ही तेव्हा निव्वळ सौंदर्याची बाब नव्हती, मधल्या प्रवाशाच्या सुरक्षिततेची होती.

प्रीमियर पद्मिनीनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता. तिचा गिअर जमिनीतून नव्हे, स्टिअरिंगच्या खांबाला फांदी फुटावी तसा बाजूला फुटलेला असायचा, आणि त्याच्या टोकाला बोराएवढी मूठ. त्यामुळे पुढचं बाकडं सलग राहायचं आणि त्यावर तिसरा माणूस कायदेशीरपणे नसला तरी ऐसपैस बसायचा. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. त्यांच्या नावाचं, उसावर उभं राहिलेलं वालचंदनगर दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात. म्हणजे ऊस आणि गिअर यांचं नातं आमच्या जिल्ह्यात फार जुनं आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमचा निरोप घेतला तेव्हा पुष्कळांनी तिच्या टपाविषयी, मीटरविषयी, डिकीविषयी लिहिलं. त्या बोराएवढ्या मुठीविषयी कुणी काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण चालकानं दिवसभर धरलेली वस्तू तीच होती. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या घरात दांडा जमिनीतून उगवू लागला. तेव्हापासून तो पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाइतका ठळक आहे. खंडेनवमीला त्याला झेंडूचं फूल मिळतं. फूल मिळणाऱ्या वस्तूचं साल निघालेलं बरं दिसत नाही.

आता या विषयातली खरी गंमत शिरूर तालुक्यातच आहे. रांजणगावला अष्टविनायकांतला महागणपती आहे आणि त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. लिनिया आणि पुंटो या दोन गाड्या २००९ साली तिथूनच बाहेर पडल्या. २०१७ पासून जीप कंपास तिथं बनू लागली. म्हणजे अख्खी मोटार, मुठीसकट, या तालुक्याच्या हद्दीत जन्माला येते. पण बारा-चौदा वर्षांनी तिची मूठ सोलवटली तर ती मूठ याच तालुक्यात मिळेल असं मात्र मुळीच नाही. लिनिया-पुंटो बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. कारखान्याच्या फाटकाशी जाऊन ‘एक मूठ द्या’ म्हणता येत नाही. तिथं पहारेकरी असतो, काउंटर नसतो. गाडीचं माहेर हाकेच्या अंतरावर आणि औषध मात्र पुण्याला, अशी ही अवस्था. मग मालक नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरतो, नाहीतर बुधवार-रविवार गाठून पुण्याच्या जुन्या बाजारात जातो, जिथं कुणाच्या तरी मोडीत गेलेल्या गाडीची मूठ टेलिफोनचे डबडे आणि पितळी अडकित्ते यांच्यामध्ये आपल्या नव्या मालकाची वाट पाहत पडलेली असते. सोलवटण्याचं कारण साधं आहे. २००० सालानंतरच्या पुष्कळ गाड्यांत आतल्या प्लॅस्टिकवर रबरासारखा मऊ थर द्यायची फॅशन आली. पॉलियुरेथेनचा हा थर ऊन, दमट हवा आणि हाताचं तेल यांनी काही वर्षांत फुटतो आणि चिकट होतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, पण गाडीतल्या गाडीत काकवी तयार होण्याचा हा एकमेव प्रकार. चिकटपणा घालवायला कुणी रॉकेल लावतं, कुणी स्पिरिट, कुणी भांड्यांची घासणी. मग तो थर जातो, त्याच्याबरोबर गिअरचा नकाशाही जातो, आणि उरतं ते उकडून सोललेल्या बटाट्यासारखं काहीतरी.

नवी मूठ मिळाली म्हणजे काम झालं असं नव्हे, कारण इथून पुढं आट्यांचं राज्य सुरू होतं. बहुतेक गाड्यांत मूठ दांड्यावर आट्यांनी बसते, आणि दांड्याची जाडी कुठं ८ मिलिमीटर, कुठं १०, कुठं १२. बरं, जाडी जुळली तरी दोन आट्यांमधलं अंतर जुळावं लागतं. दहाच्या दांड्यावर ते सव्वा मिलिमीटरही असतं आणि दीडही. फरक पाव मिलिमीटरचा. पण त्या पाव मिलिमीटरपायी असं होतं की मूठ पहिला वेढा लाजत-लाजत घेते, दुसरा हसत-हसत घेते, आणि पुढं जागच्या जागी अडून बसते. ना खाली जाते ना वर येते. ज्यांनी पत्रिकेत छत्तीस गुण जुळून संसारात दुसऱ्याच महिन्यात अबोला धरलेली जोडपी पाहिली असतील त्यांना ही स्थिती नव्यानं समजावून सांगायला नको. अशा वेळी जोर लावणं हा एकच मार्ग माणसाला सुचतो आणि तो एकच मार्ग चुकीचा असतो. जोरानं दांड्याचे आटे जातात, आणि दांड्याचे गेले की मालकाच्या डोक्याचे ढिले होतात. म्हणून जुनी मूठ खिशात घालून दुकानात जायचं आणि तिच्या भोकात बसेल असाच बोल्ट नवीच्या भोकात फिरवून पाहायचा. ज्यांना हे नको असतं त्यांच्यासाठी ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ मूठ मिळते. आत प्लॅस्टिकच्या दोन-तीन नळ्या आणि बाजूनं आवळायला तीन बारके स्क्रू. सगळ्या गाड्यांना चालणारी वस्तू कुठल्याच गाडीला नीट बसत नाही, हा नियम मुठीलाही लागू आहे. पंधरा दिवसांत ती गोल फिरायला लागते आणि तिच्यावरचा पहिला गिअर दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसतो.

जुनी मूठ काढणं हे मात्र शास्त्र आहे, आणि त्यात पुणे जिल्ह्याच्या हवामानाचा मोठा हातभार लागतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि हँडब्रेकवर विश्वास न ठेवता चाकाखाली दगड लावावा. दांड्याभोवती चामड्याचा किंवा रेक्झिनचा घागरा असतो तो खालच्या चौकटीतून सोडवून वर उलटा करावा, म्हणजे मुठीखाली चेक-नट आहे की नाही ते दिसतं. असला तर तो पान्यानं आधी सैल करायचा. तो न पाहता मुठीवर ताकद लावणारे लोक कुलूप न काढता दार ओढणाऱ्यांच्या जातीचे. मग मुठीला जाड फडकं गुंडाळून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनं फिरवायची, दुसऱ्या हातानं दांडा घट्ट धरून. नाहीतर मूठ जागेवर राहते आणि खालचे रबरी बुश पिळवटतात. पाइप-पाना लावू नये. त्यानं मूठ निघते, पण दातांचे व्रण असे उमटतात की ती परत कुणाला दाखवायची सोय राहत नाही. काही गाड्यांत मूठ आट्यांवर नसून नुसती दाबून किंवा डिंक लावून बसवलेली असते. तिला फिरवून उपयोग नाही, सरळ वर ओढावी लागते. ओढताना मात्र हनुवटी दांड्याच्या रेषेत ठेवू नये, कारण ती मूठ तासभर हलत नाही आणि निघते तेव्हा एका क्षणात निघते. चिकटलेली मूठ गरम केली की सैल होते. त्यासाठी शहरातले लोक केस वाळवायचं यंत्र वापरतात. दौंडला एप्रिल-मे महिन्यात त्या यंत्राची गरज नाही. गाडी स्टेशनबाहेर दुपारी दोन तास काचा लावून उभी केली की डिंक आपणहून शरण येतो. अडचण एवढीच की त्या वेळी मुठीला हात लावायला माणूस मिळत नाही.

हे सगळं केवळ हौसेपोटी सांगतो आहे असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून रिव्हर्सचा मुद्दा काढतो. लिनिया-पुंटोच्या मुठीखाली एक कडी असते. ती बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. कुणी उत्साहानं ती मूठ काढून चकचकीत गोळा बसवला आणि कडीचा बंदोबस्त केला नाही, तर गाडी पुढंच जाणारी होते. पुढंच जाणं ही राजकारणात चांगली गोष्ट असेल. शिरूरच्या जुन्या पेठेतल्या गल्लीत समोरून दुधाची गाडी आल्यावर नाही. उलट्या चालीचं मोल दौंडला जितकं कळतं तितकं क्वचितच कुठं कळत असेल. मनमाड-नगरकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं दौंड जंक्शनला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. डुलकी लागलेला प्रवासी दौंडनंतर जागा व्हायचा तो थेट ओरडतच, कारण गाडी आल्या वाटेनं परत निघाल्यासारखी वाटे. शेजारचे जुने प्रवासी मग त्याला शेंगदाणे देऊन शांत करत. पुढं दौंड कॉर्ड लाइनचं स्टेशन झालं आणि पुष्कळ गाड्यांचा तो खोळंबा मिटला. सांगायचं म्हणजे रिव्हर्स कुठं आहे हे आधी ठाऊक असणं ही चैन नाही. आणि दुसऱ्याच गाडीची मूठ आणून बसवली की तिच्यावरचा नकाशा खोटं बोलतो. चार गिअरच्या मारुतीवर पाच गिअरची मूठ पाहून पाचवा शोधत बसलेला नवशिका चालक ही करुण गोष्ट आहे. रिव्हर्स वर डावीकडे दाखवणारी मूठ खाली उजवीकडे रिव्हर्स असलेल्या गाडीवर बसवणं हा तर घरादाराला धोका. नकाशा जुळत नसेल तर तो खरवडून टाकावा. कोरी मूठ खोट्या मुठीपेक्षा बरी.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत जोरदार आक्षेप फिटरचा असतो आणि तो हात पुसत-पुसत घेतला जातो: ‘मालक, मूठ बदलून गिअर पडत नसतो. खालचे बुश गेलेत.’ यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. दांडा ताकातल्या रवीसारखा गरागरा फिरत असेल तर दुखणं खाली आहे, वर नाही. पण फिटर एक गोष्ट विसरतो. घागरा वर करून मूठ काढल्याशिवाय मालकाला खाली काही आहे हेच कधी कळलेलं नसतं. ज्यानं दहा वर्षं तो दांडा नुसता ढकलला, तो मूठ बदलताना पहिल्यांदा दांडा कुठून येतो, कुठं टेकतो, कुठला रबर फाटलाय हे डोळ्यांनी पाहतो. मूठ बदलणारा मालक चार दिवसांनी बुश बदलायला येतोच. मूठ न बदलणारा थेट टोचन करून येतो. शिवाय बुश घालवले कुणी? उजवा कोपर खिडकीत आणि डावा तळवा अष्टौप्रहर मुठीवर, अशा थाटात चालवणाऱ्यांनी. हाताचा तो नुसता भार खाली गिअर निवडणाऱ्या फाट्याला फिरत्या कड्यावर दाबून धरतो आणि दोघांनाही झिजवतो. म्हणजे फिटरच्या उत्पन्नाचा निम्मा उगम त्या मुठीतच आहे. तिच्याविषयी त्यानं थोडं आदरानं बोलायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जडपणाचा. धातूची, पाव-अर्धा किलो वजनाची मूठ बसवली की गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो, असं तरुण मंडळी शपथेवर सांगतात, आणि भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूनं थोडंसं उभं राहतं. दांड्याच्या टोकाला वजन असलं की एकदा सुटलेला हात आपल्याच ओघानं गिअरच्या खाचेपर्यंत पोचतो, मधली अडखळ जाणवत नाही. पण हेच भौतिकशास्त्र न्हावऱ्याच्या पुढं खड्ड्यात बाजू बदलतं. गिअरबॉक्स ढिला असेल तर आदळल्यावर तेच वजन दांड्याला न्यूट्रलकडे ओढू शकतं. शिवाय लोखंड आणि ॲल्युमिनियम ही युरोपातल्या थंडीत शोभणारी हौस. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अशी मूठ धरायची तर आधी चिमटा लागतो. म्हणून हौसेनं आणलेल्या चकाकत्या मुठीवर आठवड्याभरात हातरुमाल येतो, मग पायमोजा, मग क्रिकेटच्या बॅटची जुनी रबरी ग्रिप. आणि सरतेशेवटी दोन हजारांची मूठ पायमोजा घालून बसलेली दिसते. त्यापेक्षा ट्रकवाल्यांची पारदर्शक मूठ बरी. आत गुलाबाचं फूल, नाहीतर विंचू, कायमचा गोठलेला. रात्री समोरच्याच्या दिव्यात ती कंदिलासारखी उजळते, आणि फुलाकडे पाहत चौथा गिअर टाकणाऱ्या माणसाचा मूड आपोआप सुधारत असणार. माझा स्वतःचा कौल मात्र लेथवर कातलेल्या मुठीला आहे. नायलॉनच्या तुकड्यातून आपल्या तळहाताच्या मापानं कातून घेतलेली, आत बरोबर मापाचा टॅप मारलेला. उन्हात तापत नाही, घामात चिकटत नाही, आणि कंपनीच्या पार्ट नंबरची तिला गरज नाही. ज्या तालुक्यात पोरं आयटीआयला टर्नर होऊन एमआयडीसीत लागतात त्या तालुक्यात नाना पेठेपर्यंत जाणं हा आळसाचाच एक प्रकार म्हणायला हवा.

शुद्धतावादी म्हणतात, गाडी जशी आली तशी ठेवावी. त्यांच्या गाडीत म्युझिक सिस्टिम बाहेरची असते, सीट कव्हर बाहेरचं असतं, फक्त मुठीच्या बाबतीत त्यांचं कुळाचार पाळणं सुरू होतं. कायद्याचा बडगा दाखवणारेही भेटतात. तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं हे खरं, पण ते नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांना धक्का लावणाऱ्या फेरफारांविषयी आहे. त्या प्रमाणपत्रात इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे, आसनसंख्या आहे. मूठ नाही. सरकार जी एक गोष्ट मोजायचं विसरलं तिच्यावरही स्वतःहून बंधन घालून घेणारा माणूस सरकारपेक्षा धोकादायक.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे, आणि तो घेणारे सहसा नवी गाडी घेऊन आलेले असतात. गिअरच राहणार नाहीत, तुम्ही मूठ काय घेऊन बसलात? २०१४ साली मारुती सेलेरिओनं आपोआप गिअर बदलणारी स्वस्त पेटी आपल्याकडे आणली आणि डाव्या पायाला सुट्टी मिळाली, हे मान्य. पण त्या गाडीतही सीटांच्या मधे दांडा होताच आणि दांड्यावर मूठ होतीच. आत सगळं काम विजेवर चालतं, दोन बटणांनी भागलं असतं. तरी बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की हाताला धरायला काही दिलं नाही तर गिऱ्हाइकाला आपण गाडी चालवतो आहोत असं वाटणारच नाही. त्याहून पक्का पुरावा परत रांजणगावातलाच. तिथं बनणारी टाटांची नेक्सॉन विजेवर आली, तिच्यात गिअर नाहीत, आणि दांडाही काढून टाकला. त्याच्या जागी काय ठेवलं? मिक्सरच्या बटणासारखी फिरवायची एक गोल मूठ. क्लच गेला, गिअर गेले, दांडा गेला, मूठ राहिली. आणि दहा-बारा उन्हाळ्यांनी तीही सोलवटेल, तेव्हा तिचा मालक एखाद्या रविवारी दार उघडं टाकून तिच्याशी झटापट करताना दिसेल. फक्त तिला आटे नसल्यामुळे त्याला काय फिरवावं हे कळणार नाही.

जुनी मूठ टाकून द्यायची की ठेवायची, एवढा एक व्यावहारिक प्रश्न उरतो. ठेवायची, डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या कालबाह्य कागदांखाली. ती शहाणी माणसं कशासाठी ठेवतात ते गाडी विकायच्या दिवशी कळतं. सौदा ठरतो, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, दोन्ही चाव्या ओट्यावर ठेवल्या जातात, चहा येतो. घेणारा मागच्या बाजूला वाकून डिकीतला जॅक मोजत असतो. तेवढ्यात विकणारा ‘जरा माझे कागद राहिलेत’ म्हणत पुढच्या सीटवर बसतो, हात नेहमीच्या जागी ठेवतो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट सात-आठ वेढे देतो, आणि खण उघडून जुनं, सोललेलं, नकाशा पुसलेलं ते बटाट्यासारखं काहीतरी दांड्यावर परत बसवतो. बाहेर येताना त्याचा डावा हात पँटच्या खिशात असतो, आणि खिसा थोडा फुगलेला.